आधी ऐका, मग औषध

एक जुना लाकडी बाक आहे मी, मित्रांनो. बाकाला मान नसते, नाहीतर हे सांगताना ती मी खाली घातली असती.

एका मिशन दवाखान्यासाठी सुताराने मला मन लावून घडवलं. "सहा माणसं निवांत बसतील," असं तो म्हणाला. पहिल्याच दिवशी नऊ बसली आणि मी कुरकुरलोसुद्धा नाही. याचा मला भारी गर्व होता.

दवाखान्याची एक रीत होती. आलेल्यांनी आधी माझ्यावर बसायचं, सुवार्तिककाका प्रभूविषयी अर्धा तास बोलायचे आणि मगच नंबरांचे बिल्ले वाटले जायचे. बिल्ला नाही तर औषध नाही. काका दुष्ट नव्हते हो. ही सुवार्ता जगाच्या टोकापर्यंत पोचावी म्हणून त्यांनी शाळेतली पक्की नोकरी सोडली होती. रस्त्यात लोक त्यांना टाळून पुढे जात, ते त्यांच्या मनाला लागे. इथे मात्र कोणी उठून जाऊ शकत नसे. ती माझीच करामत, असं समजून मी फुशारत असे.

औषध देणाऱ्या सिस्टर एकदा म्हणाल्याही, "काका, आधी औषध देऊ या ना. प्रभूने तरी आंधळ्याला आधी डोळे दिले, विश्वास ठेवतोस का, हे नंतर विचारलं."

"औषध हातात पडलं की कोण थांबतंय, सिस्टर?" काका हसून म्हणाले. मलाही ते पटलं.

मग एके दिवशी मुख्य कार्यालयातून पाहुणे आले. काकांना हुरूप चढला. अर्ध्या तासाचा एक तास झाला, तासाचा दीड. सिस्टर आतल्या खोलीत सुया उकळत होत्या. माझ्या टोकाला एक बाई तापाने फणफणलेली मुलगी मांडीवर घेऊन बसली होती. ती दोनदा उठली. दोनदा काकांनी बोलता बोलता हातानेच "बसा, बसा" अशी खूण केली आणि ती परत टेकली. मग तिने मुलीला माझ्यावर आडवं केलं. त्या अंगाचा चटका माझ्या फळीला बसत होता. खोलीत एवढी माणसं होती, पण तो ताप किती आहे हे फक्त आईला आणि मला ठाऊक होतं.

मुलीला झटका आला. तिच्या टाचा माझ्यावर आपटू लागल्या तेव्हा कुठे काका थांबले. सिस्टर धावत आल्या. मुलगी वाचली, पण तिचा डावा हात अधू झाला. "तासभर आधी ही माझ्याकडे आली असती तर," एवढंच सिस्टर म्हणाल्या आणि सुया आवरू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून बिल्ले दारातच मिळू लागले. माणसं औषध घेत आणि घरचा रस्ता धरत. काका जखमा धुऊ लागले, पाणी भरू लागले. बोलणं त्यांनी जवळजवळ सोडलंच. मी धूळ खात पडलो. मला वाटलं, बरंच झालं, हीच माझी लायकी.

मुलीच्या हाताला रोज व्यायाम द्यायचं काम काकांनी मागून घेतलं होतं. एका सकाळी तिची आवळलेली मूठ उघडताना ते प्रथमच माझ्यावर बसले.

शेजारी बसलेल्या तिच्या आईने सहज विचारलं, "काका, त्या दिवशी एवढं काय सांगत होतात? माझा सगळा जीव हिच्यात होता. एक शब्दही कानात शिरला नाही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. काकांनी मुलीचं शेवटचं बोट हलकेच सरळ केलं.

"प्रेमाबद्दल," ते म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याजवळ सांगायला जगातली सर्वांत चांगली गोष्ट असेल. जरूर सांगा. पण ऐकणाऱ्याच्या अंगाला आधी हात लावून बघा. मला तो ताप कळला होता, आणि तरी त्या दिवशी मी एवढी माणसं बसवून ठेवली म्हणून खुशीत होतो.