उरलेलं औषध

विजयमालाने बाटली उपडी केली आणि उरलंसुरलं औषधही शेततळ्यात ओतलं.

सकाळीच नवऱ्याने, कानिफनाथने मोजून औषध टाकलं होतं. "उरल्यालं फडताळात ठिव, म्होरल्या आठवड्याला लागंल," असं बजावून तो गावात गेला होता. पण दुपार कलली तरी रोहू तळ्याच्या प्लास्टिकला अंगं घासतच होते. एक तर पार काठाशी आला, तेव्हा त्याच्या कल्ल्यामागे चिकटलेल्या चपट्या उवा तिला दिसल्या. लेकीच्या, रुपालीच्या डोक्यातल्या उवासुद्धा कधी एका फेरीत गेल्या नव्हत्या. हे तर एवढं मोठं तळं. तिच्याच्याने बघवेना. दिवाळीला हे मासे विकले की यंदा ऊसतोडीला जायचं नव्हतं, पोरीची शाळा मोडायची नव्हती. तिने बाटली स्वच्छ धुतली आणि कुंपणाच्या मेढीवर वाळत घातली.

उजाडलं तेव्हा तळं पांढरं दिसत होतं. झाडून सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. कानिफनाथ जाळीने मासे काढू लागला. विजयमाला पाटी धरून उभी होती. सांगायला तोंड उघडायची, पुन्हा मिटायची. लाज तर वाटतच होती, भीती त्याहून जास्त. मेढीपाशी आल्यावर त्याचा हात थांबला. त्याने बाटली काढली, उन्हात धरून पाहिली आणि खिशात घातली.

तेवढ्यात ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम, श्रीमंत, मोटारसायकल लावून वर आला.

"काय झालं रं हे, कानिफा?"

"औषध टाकताना माझा हात सैल सुटला."

श्रीमंतने खिशातून वही काढली.

"मग लिहू का कोयता?"

एक कोयता म्हणजे एक जोडपं. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने मोळ्या बांधायच्या.

"अर्धा लिव्हा. मी यकटाच येतो. हिला ऱ्हाऊ द्या, पोरीची शाळा हाय."

"यकट्याला लई जड जातं."

"जाऊ द्या."

गाडी लांब गेल्यावर विजयमालाने पाटी खाली ठेवली. आता तो बोलेल, मारेलसुद्धा, म्हणून ती मान घालून उभी राहिली. कानिफनाथने खिशातली बाटली तिच्या हातात दिली.

"ही बी माशांसंगं खड्ड्यात पूर," तो म्हणाला. "धुतल्याली दिसली तर रुपाली साळंत पानी न्हेईल हिच्यात."

आणि तो पुन्हा जाळी घेऊन तळ्याकडे वळला.