डावा पाय

टेलरच्या घरात दुपारी आधी ससा झोपायचा, मग ढब्बू. ससा उरल्यासुरल्या अस्तराचा, एक कान रेघारेघांचा आणि दुसरा साधा. ढब्बू त्याला शिलाई मशीनच्या लोखंडी पायडलवर कडेला, बाबाच्या पावलाशेजारी आडवा करायचा आणि स्वतः गोधडीवर पालथा पडून त्याला थोपटायचा. वर बाबाची शिलाई, खाली ससा झुलतोय. थोड्याच वेळात थोपटणारा हात ढिला पडायचा. दोन वर्षांचं पोर झोपवायला लोकांच्या नाकी नऊ येतात. इथे बापाला नुसतं आपलं काम करायचं होतं. असं नशीब कुणाला मिळतं सांगा!

ढब्बूची आई बसवर कंडक्टर. सकाळी गेली की संध्याकाळीच घरी. त्यामुळे ढब्बू आणि शाळेत जाणारी त्याची ताई, दोघं बापाच्याच पदरात. पदर कुठला म्हणा, त्याच्या गळ्यातली मापाची टेप! ढब्बू चालायला शिकला तोही तीच टेप धरून.

मग शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आली. कंडक्टरबाईंनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, असे पाय मारत बसलात तर ती शाळेतली मुलं कॉलेजात जातील तेव्हा त्यांचे शर्ट तयार होतील. बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. मिस्त्री आला, मशीनला मोटर लावली, पायडलचा पट्टा काढला. आता हे लोखंड नुसती अडगळ, सवडीने येऊन घेऊन जाईन, असंही म्हणाला.

दुपारी ढब्बूने नेहमीसारखा ससा पायडलवर ठेवला आणि वाट पाहिली. वर मशीन भुर्रकन पळत होतं, खाली सगळं ठप्प. त्याने मान वर केली.

"बाबा, पाय."

बाबाने मोटरची गंमत दाखवली. गोष्ट सांगितली, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. ताईने गाणी म्हटली, ती ऐकून तर त्याने भोकाडच पसरलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. डोळे चोळत, किरकिरत पोर मांडीवर, आणि मांडीवर पोर घेऊन बापाची शिलाई. एका शर्टाची बाही उलटी लागली. एका खिशाचं तोंडच शिवून बंद झालं, म्हणजे त्यात काही घालायची सोय उरली नाही. मोटर कितीही पळो, टेलरचा दिवस उसवण्यातच जात होता.

शेवटी कंडक्टरबाईंनी तोडगा काढला. ऑर्डर पुरी होईपर्यंत ढब्बू मावशीकडे राहील, रविवारी मावशी न्यायला येईल. महिन्याभराचा तर प्रश्न. बोलताना त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं. टेलर हो म्हणाला. दुसरं म्हणणार काय? पण महिन्यात हे पोर चार नवे शब्द शिकेल आणि ते पहिल्यांदा भलत्याच कुणाच्या कानावर पडतील, हे काही केल्या त्याच्या मनातून जाईना.

शनिवारी जेवताना ताई एकदम खुदकन हसली.

"बाबा, तुझा पाय एकटाच शिवतोय."

टेलरने खाली पाहिलं. टेबलाखाली त्याचा डावा पाय आपला खालीवर, खालीवर. इतक्या वर्षांची सवय, मिस्त्रीला ती कुठे काढता येणार होती! टेलरचा घास हातातच राहिला.

रविवारी मावशी आली. ढब्बूची पिशवी भरून दाराशी तयार होती. टेलर म्हणाला, त्याच्या झोपेची वेळ झालीय, तेवढी होऊ द्या, मग न्या. त्याने उजवा पाय मोटरच्या जमिनीवरच्या बटणावर ठेवला आणि डावा जुन्या पायडलवर. पट्टा नसल्यामुळे पायडल मोकळंच हलत होतं. त्यावर ढब्बूने लगबगीने ससा निजवला.

सुरुवातीला नुसती फजिती. डावा पाय झुलायला लागला की उजवाही त्याच्या नादाने झुलायचा, मोटर गचके खायची, दोरा तुटायचा. मावशीने तोंडाला रुमाल लावून हसू दाबलं. टेलरने चिंध्या घेतल्या आणि दात-ओठ खात पुन्हा पुन्हा शिवून पाहिलं. हळूहळू उजवा पाय आपल्यापुरतं पाहायला शिकला. मग त्याने खरीखुरी कॉलर सुईखाली घेतली. थोपटणारा हात एकदा थांबला, पुन्हा हलला, मग गोधडीवर पसरला. मावशीने कॉलर उजेडात धरून उलटसुलट पाहिली. शिलाई सरळ होती. पिशवीकडे पाहत ती बहिणीला म्हणाली, आता मी काय नेऊ?

कंडक्टरबाई कधीच्या टेबलाजवळ उभ्या होत्या. खाली वाकून त्यांनी पाहिलं. पोराच्या तोंडातून गोधडीवर लाळ गळत होती. टेलरने पुढची कॉलर घेतली होती आणि पायडल चालूच होतं.

"अहो, झोपला तो," त्या हळूच म्हणाल्या. "आता पाय थांबवलात तरी चालेल."

टेलरने मान वर केली नाही.

"ससा जागाय अजून."

कंडक्टरबाई दाराशी जाऊन खाली बसल्या आणि पिशवीतल्या छोट्या छोट्या चड्ड्या एकेक करून बाहेर काढायला लागल्या.