पदरातला नारळ

"कसल्या हजर हुताय, साबळेबाई?" विजयसिंहने चहाची बशी तोंडापासून बाजूला केली. "तुमाला नारळ दिला की आमी! चांगला समद्यांच्या म्होरं दिला."

ऑफिस हसलं. बारामतीच्या एमआयडीसीतल्या त्या पाइपच्या कंपनीत मॅनेजर हसला की सगळ्यांनी हसायचं, अशी पद्धतच होती. शिपाई जोतीराम तेवढा खाली बघत राहिला. दिशा साबळे बाळंतपणाची रजा संपवून कामावर आली होती आणि तिच्या टाइपरायटरसमोर मॅनेजरची भाची बसली होती.

नारळ देणं म्हणजे कामावरून काढणं, हे कुणाला सांगायला नको. आणि नारळ तिला मिळाला होता, हेही खरंच. रजेवर जायच्या दिवशी ऑफिसात तिची ओटी भरली होती. ऑफिसात दुसरी बाई नव्हती, म्हणून विजयसिंहची बायको राजेश्वरीवहिनी मुद्दाम घरून आल्या होत्या. विजयसिंहने भाषण ठोकलं होतं, पेढे वाटले होते, फोटोही काढला होता.

सासू लक्ष्मीबाईंनी तेव्हाच हटकलं होतं. "आपल्यात ओटी भरत न्हाईत. छप्पन साली धम्म घेतला तवाच सोडलंय आपण समदं."

"आत्या, मायेनं करत्यात लोक. त्यांच्या तोंडावर न्हाय कसं म्हणू?" असं म्हणून तिने सासूचा शब्द मोडला होता. त्या मायेची किंमत आता तिला सगळ्यांसमोर कळत होती.

"मी रजेचा अर्ज तुमच्या हातात दिलाय, साहेब."

"आमच्याकडं आसला काय आर्ज न्हाय." विजयसिंहने कानांवर हात ठेवले. "तुमीच म्हनला, आता पोर सांभाळनार. मग निरोप दिला आमी."

दिशाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी गेल्याचं दुःख होतंच. पण जिच्यासाठी घरचा रिवाज मोडला, त्या ओटीचीच या माणसाने कुऱ्हाड केली, हे तिला गिळवेना. नवरा संघपाल म्हणाला, "जाऊ दे, दुसरी बघू." ती त्याच्यावरच उखडली. खुर्ची परत घ्यायची, आणि या विजयसिंहला घरीदारी कुठेच मान वर करून हिंडू द्यायचं नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

मग पुण्याच्या खेपा सुरू झाल्या. पहाटेची एसटी धरायची, तान्ही पोर सासूच्या हवाली करायची, कामगार अधिकाऱ्यांच्या दारात दिवस घालवायचा आणि ओल्या छातीवर पदर ओढून परत यायचं. ज्या तारखेला मॅनेजरचा वकील यायचा नाही, त्या दिवशी नुसतीच पुढची तारीख मिळायची.

"बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला काढता येत नाही. कायदाच आहे तसा," अधिकारी म्हणाले. "पण ते म्हणतात, तुम्ही आपण होऊन सोडली, निरोप समारंभही झाला, त्याचा फोटोही आहे. तो निरोप नव्हता, असं सांगणारं कुणी आहे का?"

तिने जोतीरामला गाठलं. तो हात जोडून म्हणाला, "ताई, मला बी पोट हाय."

ऑफिसात कुणीच बोलणार नव्हतं. मग दिशा एका संध्याकाळी पोरीला कडेवर घेऊन जळोचीला गेली, थेट विजयसिंहच्या घरी. तो अजून यायचा होता. सोप्यात त्याची लेक बसली होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आले होते. तिला बघून दिशाच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं, पण ती थांबली नाही.

"ताईंची ओटी भरली का, वहिनी?"

"येत्या शुक्रवारी भरायची. तू बी ये की."

"नारळ जपून द्या म्हणजे झालं. मला दिलेला तर नोकरी खाऊन बसला."

"काय बोलतीस हे दिवेलागनीचं?" राजेश्वरीवहिनींनी लेकीला आत पाठवलं. दिशाने मग सगळं सांगितलं. वहिनींना यातलं काही ठाऊकच नव्हतं.

"माज्या हातानं काढलं व्हय तुला? माज्या हातानं?"

"तुमच्याच. हे पुण्यात येऊन सांगा, न्हायतर हात तुमचाच राहील."

पुढच्या तारखेला विजयसिंह ऐटीत खुर्चीवर बसला होता. दारातून बायको आत आली तेव्हा तो अर्धवट उठला आणि तसाच राहिला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"सायेब, निरोपाचा नारळ हातात देत्यात. मी पदरात घातला हिच्या. खण हुता, तांदूळ हुतं. भरल्या पोटाच्या बाईला कामावरनं काढाय मी ओटी भरीन व्हय? माजी बी लेक घरात बसलीया."

दिशाला तिच्या जागेवर परत घ्यायचा हुकूम झाला. भाचीने आपला डबा उचलला. जोतीरामने हळूच बातमी दिली, "सायेबांच्या घरात बोलनं बंद हाय. वैनी लेकीसंगं तिच्या सासरी निघून गेल्या. सायेब खानावळीत जेवत्यात." दिशाला आनंद झाला. वहिनींचं वाईट वाटायला हवं होतं, ते काही वाटलं नाही.

तेवढ्याने तिचं पोट भरलं नव्हतं. पोर सव्वा वर्षाची होईपर्यंत तिला पाजायला दिवसातून दोनदा सुट्टी मिळते, हे अधिकाऱ्यांनी जाता जाता सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी लक्ष्मीबाई नातीला घेऊन आल्या आणि दिशा मॅनेजरच्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, पोरीला पाजायचंय. आडोसा तुमच्या केबिनलाच आहे."

विजयसिंहने इकडेतिकडे पाहिलं. सगळं ऑफिस ऐकत होतं. तो उठला. तेव्हापासून रोज दोनदा तो बाहेर ओट्यावर उन्हात उभा राहू लागला. इंदापूरकडून पाइप न्यायला आलेले शेतकरी आपुलकीने विचारायचे, "सायेब, भाईर का हुबं?" तो पाइपांच्या ढिगाकडे बोट दाखवून विषय बदलायचा. आत दिशा त्याच्याच खुर्चीवर बसायची.

"चल गं, पोरगी बाटलीतलं वरचं दूध पितीया की," एके दिवशी लक्ष्मीबाई कुजबुजल्या. "पुन्याच्या खेपांत दूध आटलं तुजं. आता थेंब न्हाय. मग कशापायी बसायचं हितं?"

"बसायचं, आत्या."

दार आतून लावलेलं होतं. बाहेर विजयसिंह कुणाला तरी सांगत होता, "हुईलच आता." दिशाने पोरीच्या हातातली बाटली काढून घेतली आणि तिला छातीशी धरलं. पोरीने दोनदा ओढून बघितलं, तोंड फिरवलं आणि बाटलीसाठी रडायला लागली.