डावीकडे वळताना

मरोळ गावठाणात ऑगस्टीनच्या कानांची ख्याती होती. विहिरीपलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो पस्तीस वर्षं एकटाच गाड्या दुरुस्त करत होता. बॉनेट उघडायच्या आधी तो नुसता ऐकायचा. मोठमोठ्या वर्कशॉपांत कॉम्प्युटर लावूनही न सापडलेले बिघाड त्याने असे कानांनी पकडले होते. त्यामुळे लोक पार बोरीवली-मुलुंडहून यायचे आणि म्हणायचे, "अंकल, जरा ऐका ना."

माधुरी तावडेही त्या गुरुवारी सकाळी तशीच आली. ती चकाल्याच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि तिची गाडी पहिल्यापासून ऑगस्टीनच्याच हातची.

"अंकल, स्टेअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं की टक-टक करतंय. आज दुपारी आईला आणि दिशाला घेऊन कणकवलीला निघायचंय. वाटेत अख्खा घाट आहे हो."

"बस बाजूला. एक चक्कर मारू."

चर्चमागच्या मोकळ्या जागेत त्याने खिडक्या खाली केल्या आणि गाडी अगदी हळू डावीकडे वळवली.

"हे बघा! आलं ना?" माधुरी म्हणाली.

ऑगस्टीनला इंजिनाची घरघर ऐकू येत होती, टायरखालची खडी ऐकू येत होती, वर कुठेतरी उतरणारं विमानही. टक-टक काही नव्हती. त्याने पुन्हा वळवली.

"आत्ता! दोनदा!"

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. सगळेच असे बघायचे, रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरकडे बघावं तसे.

"हां, आलं," ऑगस्टीन म्हणाला.

शेडमध्ये परत आल्यावर त्याने वाकून पुढच्या चाकामागे टॉर्च मारला. तिथल्या प्लॅस्टिकच्या आवरणाचा एक स्क्रू खरंच सुटला होता. त्याला हायसं वाटलं. "हे बघ, हेच आपटतंय," म्हणत त्याने तो आवळला. जॅक लावून चाक उचलायला दहा मिनिटं लागली असती. पण जॅक लावला तर आपण काय शोधतोय, हे तिला सांगावं लागलं असतं, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं.

"जाऊ ना मग घाटातून?"

"बिनधास्त जा."

गल्लीच्या तोंडाशी गाडी डावीकडे वळली. वळता वळता माधुरीने खिडकीतून डोकं बाहेर काढून चाकाकडे पाहिलं. मग ती निघून गेली.

दुपारी तो जेवायला घरी गेला तेव्हा त्याची बायको ज्युलिया तापाने झोपून होती. त्याने थर्मामीटर तिच्या काखेत ठेवला आणि वाजायची वाट बघत पलंगाच्या कडेवर बसला. बराच वेळ गेला. शेवटी तिनेच तो काढून त्याच्या हातात दिला.

"कधीचं वाजतंय. लक्ष कुठंय तुझं?"

"वाजलं?"

"चांगलं चार-पाच वेळा वाजलं. बहिरा झालास काय रे?"

ती हसली. ऑगस्टीन हसला नाही. त्याने थर्मामीटर बंद केला, कानाला लावला आणि बटण दाबलं.

"आता?" त्याने विचारलं.

"वाजलं की."

त्याने दुसऱ्या कानाला लावून पाहिलं. ज्युलियाच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. ती उठून बसली. "ऑगी, खरंच नाही ऐकू आलं?"

तो फोन शोधत होता. माधुरीने उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा नुसतीच रिंग जात राहिली. त्याने जॅक आणि पहार पिशवीत भरली आणि रिक्षा पकडली. तिची आई चेंबूरला राहते, एवढंच त्याला माहीत होतं.

साकीनाक्याला सगळं तुंबलं होतं. शेजारून वळणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पुढच्या चाकाकडे त्याची नजर जात होती. डावं वळण, उजवं वळण, पुन्हा डावं. चेंबूरपर्यंत तिला अशी किती वळणं लागतील? आणि हे तर सपाट रस्ते. घाटात तर नुसती वळणंच. असल्फ्याच्या पुढे एकदाचा फोन लागला.

"अंकल, गाडी चालवत होते. आईकडे पोचले. आता निघतोच आहोत."

"गाडी हलवू नकोस."

"काय?"

"किल्ली काढून ठेव आणि पत्ता पाठव. मी येतोय."

"पण तुम्ही तर म्हणालात की—"

"पत्ता पाठव, माधुरी."

तो पोचला तेव्हा गाडी सोसायटीच्या गेटाशी निघायच्या तयारीत उभी होती. मागच्या सीटवर माधुरीची आई प्रेमा मांडीवर डबा घेऊन बसली होती आणि शेजारी माधुरीची दहा-बारा वर्षांची मुलगी दिशा. ऑगस्टीनने दोघींना खाली उतरायला लावलं. मग तो रस्त्यावर गुडघ्यांवर बसला आणि त्याने चाकामागच्या लोखंडावर तळहात टेकवला.

"डावीकडे फिरव. हळू."

कानाला काही कळलं नाही, हाताला कळलं. आतून एक ठोका बसला, हलणाऱ्या दाताला जिभेने ढकलावं तसा. मग आणखी एक.

त्याने जॅक लावला. चाक ज्या लोखंडी गोळीवर वळतं, तिच्यावरची रबरी टोपी फाटून आतलं ग्रीस कोरडं पडलं होतं. त्याने पहार घालून जरासाच जोर दिला. गोळी खोबणीतून सरळ बाहेर आली आणि चाक पाय मुरगळल्यासारखं बाहेर कलंडलं.

प्रेमाने तोंडावर हात ठेवला.

"आई, हे घाटात झालं असतं तर?" दिशाने विचारलं.

माधुरीने वाकून ते चाक पाहिलं. मग म्हणाली, "सकाळी तुम्हाला आवाज आला होता ना?"

गोळी आत होती, बाहेरून दिसत नाही, असं म्हणता आलं असतं. तिला ते पटलंही असतं.

"नाही," ऑगस्टीन म्हणाला. "काहीच ऐकू आलं नाही. मी खोटं बोललो."

ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. तिने दवाखान्यात पेशंटला विचारावं तसं नुसतं विचारलं, "कधीपासून?"

परतीच्या रिक्षात तेवढाच एक शब्द त्याच्या डोक्यात घुमत राहिला. कधीपासून? सहा महिने? दोन वर्षं? 'काही नाही, जा' म्हणून त्याने किती गाड्या सोडल्या होत्या?

शेडमध्ये येऊन तो अंधार पडेपर्यंत एकेकाला फोन करत बसला. "गाडी घेऊन या, पुन्हा बघायचीय." कुणी हो म्हणालं, कुणी हसण्यावारी नेलं. मग यादीत श्यामकांत रेडकर आले, बोरीवलीचे. पावसाळ्यात आले होते, उजवीकडे वळताना कुरकुर येते म्हणून. ऑगस्टीनने पाच मिनिटांत त्यांना परत पाठवलं होतं.

फोन त्यांच्या मुलीने, अबोलीने उचलला.

"बाबा बोलू शकत नाहीत हो. दोन महिने झाले. नॅशनल पार्कजवळ गाडी दुभाजकावर गेली, डोक्याला मार बसला. पोलीस म्हणाले, डुलकी लागली असेल."

"गाडी कुठाय?"

"भंगारात दिली. आपण कोण?"

ऑगस्टीनने नाव सांगितलं आणि पत्ता विचारला. "उद्या येतो. त्यांना काही सांगायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोरीवलीला गेला. रेडकर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं. ऑगस्टीन समोर स्टुलावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं: माधुरीची गाडी, थर्मामीटर, त्याचे कान. शेवटी म्हणाला, "तुमची कुरकुर मी ऐकलीच नव्हती. खरं काय झालं असेल, ते आता कधीच कळायचं नाही. पण तुम्हाला हे माहीत असायला हवं."

रेडकर त्याच्याकडे एकटक बघत राहिले. मग त्यांनी डावा हात सावकाश वर उचलला, हवेत स्टेअरिंग धरल्यासारखी मूठ वळली आणि उजवीकडे फिरवली.

"बाबा, काय हवंय? पाणी?" अबोलीने विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ऑगस्टीनवरची नजर न हलवता त्यांनी मूठ पुन्हा उजवीकडे फिरवली. मग पुन्हा.