लख्ख कोयंडा

मध्ययुगातल्या पेटीचं कुलूप कसं असतं ते मला विचारा. बिजागऱ्या, कोयंडा, कोपऱ्यांच्या पट्ट्या, सगळं मी भट्टीत तापवून हातोड्यानं घडवते. अगदी त्या काळासारखं घडवणारं दुसरं माणूस या भागात नाही. बढाई वाटली तर वाटू दे.

संग्रहालयाच्या बाईंनी त्यांच्या नव्या मध्ययुगीन दालनासाठी नमुन्याची एक पेटी मागवली होती. पसंत पडली तर दालनातल्या साऱ्या पेट्या माझ्याकडे. नाही पडली तर माझी शेड रिकामी करून धाकट्या दिराला गाडी लावायला द्यायची, असं घरात ठरलेलं. दार केवढं रुंद करायचं, इथपर्यंत त्याची मजल गेली होती. मेला उतावळा!

बाईंना सगळं जुनाट दिसायला हवं होतं. म्हणून मिठाचं पाणी मारून मारून मी झकास गंज चढवला. बाई येणार त्या सकाळी शेडमध्ये जाते तर काय, सासूबाई पेटीपुढे फतकल मारून बसलेल्या, हातात राखेची घासणी. कुलूप, कोयंडा, पट्ट्या, सगळं लख्ख!

"अहो आई, काय केलंत हे!"

"काय म्हणजे? बाहेरची माणसं येणार. एवढं देखणं काम केलंयस, ते असं कळकट दाखवायचं होय?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली होती, पण 'देखणं' ऐकलं आणि राग कुठल्या कुठे पळाला. लग्न झाल्यापासून माझ्या कामाला त्यांनी कधी बरंसुद्धा म्हटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात बाई आल्याच. पेटी बघून त्यांचा चेहरा पडला. "अहो, ही तर नवी दिसतेय."

"नवीच आहे," मी ठणकावून सांगितलं. "दालनात तुम्ही त्या काळचं नांदतं घर मांडणार ना? मग त्या घरच्या बाईनं गंजकं कुलूप घेतलं असतं? लोहाराच्या तोंडावर फेकलं असतं!"

"मी तर फेकलंच असतं," सासूबाई म्हणाल्या.

बाईंना हसू आलं. त्यांनी किल्ली फिरवली, कोयंडा अलगद सुटला, झाकण एका हातानं वर आलं. दोनदा उघडझाप करून त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. बाकीच्याही अशाच करा. नव्या."

दारात दीर उभा होता. "आणि माझी गाडी?"

सासूबाईंनी हातांची राख झटकली. "राहू दे उन्हात. ही शेड माझ्या सुनेची आहे."