अडकलेलं बटण

खाडीवर कंपनीच्या दोन लाँच चालायच्या, आणि दोन्ही बहिणींच्या हाती होत्या: मोठी थोरलीकडे, लहान धाकटीकडे. वडिलांच्या मागे थोरलीनेच धाकटीला सुकाणू धरायला शिकवलं, रेडिओवर बोलायलाही शिकवलं. "बटण दाब, क्षणभर थांब, मग बोल. झालं की लगेच सोड. तू दाबून धरलंस की बाकीच्यांना फक्त ऐकावं लागतं."

हल्ली थोरलीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. हे ठाऊक होतं एकट्या धाकटीला. डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली होती. "छोटंसं ऑपरेशन, मग नजर लख्ख," डॉक्टर म्हणाले होते. गर्दीचा हंगाम सरला की करायचं ठरलं. तोवर अंधार पडतानाच्या फेऱ्या धाकटीने आपणहून अंगावर घेतल्या. "कुणाला पत्ता लागणार नाही ताई, मी आहे ना!" थोरलीला भरून आलं होतं.

त्या दुपारी थोरली प्रवासी घेऊन खाडीच्या मध्यावर होती. कमरेचा रेडिओ खरखरला आणि धाकटीचा आवाज आला. तिने सेट कानाशी नेला. पण धाकटी तिच्याशी बोलत नव्हती.

"...खरंच सांगते साहेब, ताईला समोरचा खांबसुद्धा दिसत नाही. माणसं बुडाल्यावर जागे होणार का तुम्ही?"

"डॉक्टर काय म्हणतात?" हा कंपनीच्या मॅनेजरचा आवाज, जरा लांबून.

"काय म्हणणार? डोळा गेलाच समजा. मोठी लाँच मला द्या, ताईला तिकीट खिडकीवर बसवा. आणि माझं नाव मध्ये आणू नका हं."

धाकटीने सेट कचेरीत कुठेतरी टेकवला असणार आणि बटण दाबलं गेलं असणार. थोरलीने आपलं बटण दाबून हाक मारली, पण काही उपयोग नव्हता. धक्क्यावरचा मेकॅनिक, पलीकडच्या होड्या, सगळे ऐकत होते. दोर घेऊन उभा असलेला खलाशी पाण्याकडे बघत राहिला.

"कोणाची ताई हो ही?" एका प्रवासी बाईने विचारलं.

"असेल कुणाची तरी," थोरली म्हणाली.

मग खट्ट झालं आणि सेट गप्प झाला. थोरलीने बटण दाबलं, क्षणभर थांबली. "धाकटे, तुझं बटण दाबलेलं राहिलं होतं. सगळ्यांनी ऐकलं. मीही."

तिने सेट परत कमरेला अडकवला.

लाँच तिने अलगद धक्क्याला लावली. धाकटी धावत आली. "ताई, अगं तुझ्या काळजीपोटीच..."

"मग ऑपरेशनचं का नाही बोललीस?"

थोरली तडक कचेरीत गेली. "डोळ्याचं खरं आहे, आणि तो बरा होणार हेही खरं आहे," ती मॅनेजरला म्हणाली. "मी आधीच सांगायला हवं होतं. डोळा बरा होईपर्यंत लाँच पलीकडच्या काठच्या चालकाला द्या. तिला नको."

मॅनेजरने मान डोलावली, वर मात्र बघितलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी धाकटी न बोलावता आली आणि दवाखान्याच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली.

"सोबत कोण आहे?" नर्सने विचारलं.

काचेच्या दारातून बाक स्पष्ट दिसत होता. "कोणी नाही," थोरली म्हणाली, आणि आत गेली.