गुळगुळीत फळी

घरात त्याला 'कारागीर' म्हणत. हे नाव बायकोनं ठेवलं होतं, आणि कौतुकानं तर नाहीच नाही. ऑफिसातून निवृत्त होऊन दोन महिने झाले होते, तेवढ्यात त्यानं चांगला चालणारा पंखा दुरुस्त करून बंद पाडला होता आणि न गळणारा नळ गळता केला होता. त्यामुळे आई पंधरा दिवस लेकीकडे गेली आणि त्यानं तिच्या शिवणाच्या पायमशीनकडे मोर्चा वळवला, तेव्हा बायको कामावर निघता निघता म्हणाली, "हात लावण्याआधी आईंना विचारा."

"विचारलं तर मग गंमत कसली?"

मशीन आईच्या लग्नाच्याही आधीची. आईला दिसेनासं होऊन चार वर्षं झाली होती. स्टोव्हवर तिचा हात भाजला तेव्हा ह्यानंच फर्मान काढलं होतं, "आता काही करायचं नाही. बसून खायचं." तेव्हापासून मशीन तिच्या खोलीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलीय, अशी त्याची ठाम समजूत. तिच्यावर धूळ अशी नव्हतीच, पण एवढा विचार करायला कारागिराला फुरसत कुठली?

काम मात्र त्यानं या खेपेला झोकून देऊन केलं, हे कबूल करायला हवं. रॉकेलनं एकेक भाग धुतला, गंज घासून काढला, नवा चामडी पट्टा चढवला. तेल दिल्यावर चाक बिनआवाज फिरू लागलं. फळीची दशा तेवढी वाईट होती. सुईच्या उजव्या बाजूला खिळ्यानं ओढल्यासारखे कितीतरी ओरखडे, काही लांब, काही आखूड, मधेच टोचलेले खड्डे. "काय लाकूड खराब करून ठेवलंय," असं पुटपुटत त्यानं सगळ्या ओरखड्यांत लाकूड बुजवायची लांबी भरली, वाळल्यावर घासली आणि वरून पॉलिशचे तीन हात दिले. बायको संध्याकाळी घरी येईपर्यंत ओरखड्यांचा मागमूस उरला नव्हता.

आई आली त्या दिवशी त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही गोळा केलं. आई स्टुलावर बसली. तिचा हात चाकावरून फळीवर आला, सुईच्या उजवीकडे सरकला आणि तिथेच फिरत राहिला. मागे आला, पुन्हा फिरला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"छान केलंस हो," ती म्हणाली. "अगदी नव्यासारखी."

कारागिराची छाती फुगली. येईल त्याला तो मशीन दाखवू लागला. आई मात्र तिच्यापाशी बसेना. आठवडाभरानं त्याचा पारा चढला. "एवढी मरमर केली, पण हात लावेल तर शपथ!" असं तो बायकोला, आईच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या टोकाच्या प्रसूतिगृहातली नर्स दारात आली. "आजी, झबली झाली का? आठ बाळं आहेत या खेपेला."

"नाही गं. आता नाही व्हायची माझ्याच्यानं," आई खोलीतून म्हणाली. "वय झालं."

कारागीर चक्रावला. नर्सला बसायला सांगून तो स्वयंपाकघरात गेला. "कसली झबली?"

बायकोनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "चार वर्षं शिवतायत. आधी तुम्ही ऑफिसात असताना, आता तुम्ही दुपारी घोरत असताना. निघण्याआधी दोरा मी ओवून देते, बाकी सगळं बोटांनी. बाही केवढी, गळा केवढा, दुमड केवढी, सगळ्याच्या खुणा होत्या फळीवर. नजर जायला लागली तेव्हाच करून ठेवल्या त्यांनी. तुम्हाला कळलं तर स्वयंपाकासारखी मशीनही सोडायला लावाल, म्हणून मला बोलू दिलं नाही."

कारागिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल आपण काय बोललो ते आठवून त्याचे कान तापले. तिनं एका शब्दानं ठपका ठेवला नव्हता. उलट चारचौघांत 'छान' म्हणाली होती, ह्याची मान खाली जाऊ नये म्हणून.

खिळा घेऊन तो आईच्या खोलीत गेला. तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटली, म्हणून मशीनपाशी जमिनीवर बसला.

"आई, मी परत करून देतो खुणा. तू फक्त जागा सांग."

आई उठून आली, फळीवरून बोटं फिरवली. "मापं तोंडपाठ कुठे होती रे? बोट रेघेवर गेलं की हात आपसूक पुढचं करायचा." मग ती एकदम आशेनं त्याच्याकडे वळली. "पण तू तर एकेक रेघ भरलीस ना? तूच सांग की. बाहीची रेघ सुईपासून दोन बोटं होती की तीन?"

प्रत्येक रेघ त्याच्या अंगठ्याखालून गेली होती. त्याला एकही आठवेना. किती होत्या, हेसुद्धा नाही.

"नाही आठवत, आई."

"बरं. असू दे." तिनं हात मागे घेतला. "त्या पोरीला ताटकळत ठेवू नकोस. जा, सांग तिला."

तो बाहेर आला. "आईनं शिवलेलं एखादं झबलं तुमच्याकडे असेल ना? त्यावरून मापं घेता येतील."

"आमच्याकडे कुठलं राहतं हो? बाळाबरोबर घरी जातं," नर्स म्हणाली. "पण आजींना एकाएकी झालं तरी काय?"

'वय झालं' एवढ्यावर नुसती मान डोलावली असती तरी त्याचं निभावलं असतं.

"तिला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मी केलंय."